लोड भरायचे दिवस

"पानी सुटलं गं," एवढाच आईचा निरोप परवा फोनवर येऊन पडला. मागे कोंबडा आरवत होता आणि कोणीतरी बादली आपटत होतं. बाहेरच्याला वाटेल नळाला पाणी आलं. आमच्याकडे पौषात पाणी सुटलं म्हणजे कालव्याला सुटलं. भिवपुरीच्या वीजघरात चाकं फिरवून झाली की तेच पाणी खाली कालव्यात उतरतं आणि आमच्या गावांना दुसरा भात देऊन जातं. चैत्रात कर्जतला येणारा पाहुणा करपलेले डोंगर बघत बघत येतो आणि आमच्या शिवारापाशी पोचला की डोळे चोळतो. एवढ्या उन्हात गुडघाभर हिरवा भात, त्यात बगळे, वर रणरणतं आभाळ. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. आम्ही पाहुण्याला सरबत देतो आणि मनातल्या मनात जरा मिरवून घेतो.

मी निरोप तीनदा ऐकला. आता मी पुण्यात राहते, खिडकीतून शेजारच्या इमारतीची खिडकी दिसते. तरी निरोप ऐकताना उन्हात उकडलेल्या चिखलाचा वास आला. तो वास पावसाळ्यातल्या चिखलाहून वेगळा असतो, जरा गोडसर, भाताची पेज उतू गेल्यावर चुलीपाशी येतो तसा. आणि उन्हाळी भात म्हटलं की मला एकच साल आठवतं. आमच्या घरात अजूनही त्याला 'लोडांचं साल' म्हणतात.

तेव्हा मी मुंबईतल्या एका संस्थेत संशोधन करत होते. रेडिओच्या लाटा आणि उष्णतेच्या लाटा यांच्या मधे एक पट्टा आहे, त्याला टेराहर्ट्झ म्हणतात. या लाटा मोठ्या नाजूक. साध्या तारेतून त्या धड जात नाहीत, त्यांना धातूत कोरलेली पोकळ वाट लागते. ती वाट इतकी बारीक, की खसखशीचा दाणासुद्धा आत शिरायचा नाही. अशा वाटांना फाटे फुटतात, आणि एखादा फाटा नुसताच संपतो. तिथे पोचलेली लाट शेवटाला आपटून मागे फिरली, तर खऱ्या कामाच्या लाटेत मिसळून सगळा घोळ करते. म्हणून त्या टोकाला एक तुकडा बसवतात. आलेली लाट पुरती गिळायची आणि हूं की चूं करायचं नाही, एवढंच त्याचं काम. त्याला म्हणतात मॅच्ड लोड.

हा लोड मला घडवायचा होता. आमच्या सरांनी बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत मोजणीचा एकच दिवस मिळवला होता, वैशाखाच्या सुरुवातीचा. "जमलं तर तुझा लोड आपण बांधतोय त्या यंत्रात जाईल," ते म्हणाले होते, "नाही जमलं तर परदेशातून मागवू. मग मात्र तुझ्या प्रबंधात हे प्रकरण राहणार नाही." सर आवाज चढवत नसत, त्यामुळे त्यांचं बोलणं जास्तच लागायचं. दोन वर्षं मी याच एका प्रकरणावर काढली होती. संस्थेच्या कार्यशाळेत कामांची रांग लागलेली, माझा नंबर यायला पावसाळा उजाडला असता. तेव्हा बाबा म्हणाले, "घरी ये. खोपोलीच्या शिळफाट्याला आपल्या ओळखीचा एक कारागीर हाय." मी बॅग भरली आणि लावणी चालू असतानाच घरी येऊन धडकले.

आईला अभिमान पोटात ठेवता येत नाही. तिने त्याच दिवशी शेजारच्या सुलूकाकीला सांगून टाकलं, "मनी चार म्हयने घरीच हाय. लोड बनवायला आलीय." काकी दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला हजर. तिच्या पूनमचं लग्न वैशाखात ठरलं होतं. सुतळीला गाठी मारून आणलेलं माप तिने माझ्यापुढे धरलं.

"सहा कर. बैठकीला. मांडववाल्याचे लोड लई कळकट असतात गं, पाव्हन्यांच्या पाठीला वास लागतो."

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा चहा नाकात गेला. मी हसतेय म्हणून काकी रागावली, आणि ती रागावली म्हणून मला आणखी हसू आलं. बाबा वीजघरात ऑपरेटर. ते ओटीवरून म्हणाले, "अगो, त्यो लोड न्हवं. लोड म्हंजे विजेचा लोड. लोड घ्यायला कोन असला का मशीन शांत चालतं, लोड गेला का बोंबललं." म्हणजे एका घरात एका शब्दाचे तीन अर्थ झाले. काकीचा कापसाचा, बाबांचा विजेचा आणि माझा, जो कोणाला दिसणारही नव्हता.

"मंग तुझा लोड टेकायला नाय?" काकीने विचारलं.

"नाही गं काकी. आलेलं परत जाऊ द्यायचं नाही, त्याच्यासाठी आहे."

"जावयासाठी चांगला हाय," काकी म्हणाली आणि माप तिथेच ठेवून गेली.

शिळफाट्याला बाजाराच्या मागे, टेम्पो दुरुस्तीच्या दुकानांच्या ओळीत हनीफचाचांचं छोटं वर्कशॉप होतं. प्लॅस्टिकच्या बाटल्यांच्या बुचांचे साचे ते करत आणि त्या साच्यांवर कंपन्यांची बारीक नावं कोरत. घराणं मूळचं श्रीवर्धनकडचं. "आज्यानं दर्या सोडला नि आमी लोखंडात आलो," असं ते स्वतःची ओळख करून देताना सांगत. त्यांच्याकडे अक्षरं कोरायचं एक यंत्र होतं आणि ते त्या यंत्राला माणसासारखं जपत. पहिल्या दिवशी त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, माझा कागद उलटा-सुलटा पाहिला.

"ही खाच केसाएवढी?"

"चार-पाच केसांएवढी."

"आनि यातून जानार काय, बाळा?"

"लाट."

"दिसते?"

"नाही."

"मंग ती परत आली का नाय, कोन सांगनार?"

"बेंगळुरूचं एक यंत्र."

चाचांनी भिंग काढलं, पुसलं. "मारू. बाटलीच्या बुचावरची नावं तरी कोन वाचतंय?"

मी रोज सकाळी बाबांच्या स्कूटरवरून कर्जत, पळसदरी करत खोपोलीला जायची. त्या रस्त्याला फाल्गुनात पळस पेटलेले असतात आणि काटेसावरीची लालभडक फुलं रस्त्यावर पडलेली असतात. स्कूटरचं चाक त्यांच्यावरून गेलं की मला उगीच वाईट वाटायचं. मधेच रमजान लागला. चाचा कटरचं बारीक काम सकाळी लवकर उरकायचे. "रोज्यात हात थरथरत नाय," म्हणायचे, "चहाच नाय ना पोटात." मला मात्र समोरच्या टपरीवरून चहा मागवायचे. मी नको म्हटलं की यंत्र बंद करून बसायचे, म्हणून मी तो पाठमोरी होऊन, चोरी केल्यासारखा प्यायची. एखाद्या दिवशी काम लांबलं तर सूर्य बुडताना खजूर आणि खरबुजाच्या फोडी खाऊनच निघायची परवानगी होती. त्या फोडींची चव मला अजून कुठे सापडलेली नाही. दिवसभर पितळेची धूळ खाल्ल्यावरच बहुतेक ती लागते.

खाच चाचांची, गिळणारा तुकडा माझा. चिकट राळेत कोळशाची पूड कालवायची, ती साच्यात ओतायची, बुडबुडे काढायचे आणि उन्हात वाळवायचं. आई ढोकळ्याचं भांडं ओट्यावर आपटते तसा मी साचा आपटायची. वाळवायला जागा एकच, गच्ची. तिथे आईच्या कुरडया, काकीचे पापड आणि मधोमध ताटात माझ्या काळ्या वड्या. एकदा बाबा गच्चीवरून चावत चावत खाली आले. "तिळाची वडी जरा जास्तच भाजली गेली का गं?" म्हणाले. मी त्यांना चूळ भरायला लावली, आई पदर तोंडात घालून बसली. त्यानंतर माझ्या ताटावर आईने खडूने 'खाऊ नये' असं लिहिलं.

वडीतून कापायचा गिळणारा तुकडा म्हणजे एक पाचर होती. सुतार मारतो तशी, फक्त सुईच्या टोकाहून बारीक. लाटेला अचानक अडथळा आला की ती उलटते, म्हणून तिला हळूहळू, टोकदार पाचरीवरून आत न्यायचं. कागदावर माझी पाचर इतकी सुंदर होती की मी तिचं चित्र पलंगाशेजारच्या भिंतीला लावलं होतं. चैत्राच्या सुरुवातीला चार पाचरी चाचांनी खाचा कोरलेल्या चार पितळी ठोकळ्यांत चिकटवून मी संस्थेत गेले. तिथे अंदाज घेण्यापुरतं यंत्र होतं. पहिलीने निम्मी लाट परत पाठवली. दुसरीने त्याहून जास्त. तिसरी बरी होती, चौथी तर पार बिघडलेली. व्यक्ती तितक्या प्रकृती. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर एकीचं टोक वाकलेलं, एकीच्या टोकाला चिकट पदार्थाचा थेंब, एक अगदी किंचित तिरपी बसलेली. माणसाच्या हाताला तेवढं सरळ बसवताच येत नव्हतं. सरांनी चारही आकडे पाहिले आणि म्हणाले, "महिना आहे अजून." ते ऐकून मला परदेशी लोडाचं खोकं टेबलावर येऊन पडल्यासारखंच दिसलं.

घरी आले ती तडक शेतावर गेले. भात पोटरीला आला होता. आमची पाण्याची पाळी होती आणि काकीची आमच्यानंतर. बाबा सांगायचे की मुंबईत पंखे जास्त फिरले की आपल्या कालव्याला पाणी जास्त. त्या दिवशी मुंबईला फारच उकडत असावं, कारण पाट तुडुंब होता. मी चिडलेलीच होते. पाणी आमच्या खाचरात वळवायचं म्हणून मी फळी घेतली आणि पाटात आडवी, सरळ ठोकली. पाणी फळीवर आपटलं, मागे फिरलं आणि वरच्या अंगाला बांध फोडून भलत्याच्या शेतात शिरलं.

"अगो, सरळ नको थोपवू," सुलूकाकी बांधावरून ओरडली, "उलटं मारतंय ते. तिरकं घाल."

ती साडीचा ओचा खोचून पाटात उतरली. फळी उपटली, पाटात तिरकी टाकली आणि तिच्यावर चिखल नि पेंढ्याचा लांब उतार केला. पाणी आलं, उतारावर चढलं, पेंढ्यात शिरलं आणि गप्प झालं. जेवढं वळायचं तेवढं आमच्या खाचरात वळलं. मग जोराने सगळा ढीग हातभर पुढे सरकला. मी तो मागे ढकलायला वाकले.

"सरकू दे की," काकी म्हणाली. "तिरकं हाय तवर पुढं-मागं झालं तरी काय बी होत नाय."

मी गुडघाभर चिखलात तशीच उभी राहिले. मग काकीला म्हटलं, "परत कर." तिने परत केलं. "अजून एकदा." तिसऱ्यांदा तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि आईला हाक मारली, "पोरीला ऊन लागलंय गं, कांदा आन."

ऊन नव्हतं लागलं. दोन वर्षं मी सुईला धार लावत बसले होते, आणि ती सुई नेमकी मधोमध बसावी म्हणून जीव टाकत होते. सुई हवीच कशाला? पाचर बारीक करण्याऐवजी वाटच तिरकी कापायची. ठोकळ्यात वाटेला आडवा जाणारा, तिरक्या तोंडाचा मोठा कप्पा कोरायचा आणि त्यात काळी वडी सरळ ठेवून द्यायची. चिकटवायचीही गरज नाही. लाटेला समोर लांब उतारच दिसणार. वडी थोडी पुढे-मागे सरकली तर उताराची सुरुवात सरकेल, उतार तोच राहील. मी चिखलाच्या पायांनीच ओटीवर बसून चित्र काढलं. त्या कागदावर अजून माझ्या अंगठ्याचा मातकट ठसा आहे. प्रबंधाला तो लावता आला असता तर बरं झालं असतं.

हनीफचाचांनी नवा कागद पाहिला तेव्हा ईद होऊन गेली होती. भिंग लावून त्यांनी तो उलटा-सुलटा केला. मग म्हणाले, "हे आदी का नाय सांगितलंस? म्हयनाभर मला केसाएवढ्या खाचा मारायला लावल्यास. ही खाच तर मी गप्पा मारत मारतो." आणि खरोखरच त्यांनी ती गप्पा मारत मारली, शिरखुर्म्यात खजूर किती घालावेत याच्यावर.

तरी एक कोडं उरलंच. वडीत कोळसा किती? जास्त घातला तर वडी लाटेला भिंतच वाटते, तोंडावरूनच परत पाठवते. कमी घातला तर लाट आरपार जाते आणि मागच्या धातूवर आपटून परत येते. हे गणिताने कळत होतं, पण गणिताचा आकडा आणि माझ्या वाटीतली पूड यांचं जमत नव्हतं. इकडे सावरीची बोंडं फुटायला लागली होती. काकीने सहा लोडांचे अभ्रे शिवून आणले आणि मला फर्मान काढलं, "लोड बनवायला आलीस ना? मंग बनव."

दुपारभर आई, काकी आणि मी माजघरात सावरीचा कापूस भरत बसायचो. दार लावून, कारण वारा आला की कापूस घरभर. शिंका, हसणं, पूनमच्या सासरच्यांच्या नकला. मी पहिला लोड ठासून भरला. काकी टेकली, पाठीने त्याला ढकललं, त्याने तिला ढकललं. "हा तर भांडतोय." दुसरा मी हलक्या हाताने भरला. काकी टेकली आणि लोडासकट भिंतीला जाऊन लागली. मग तिने स्वतः तो उसवला. तोंडाशी मऊ, सैलसर भरला आणि आत आत जात घट्ट करत नेला.

"लोड असा भरायचा," ती म्हणाली, "का टेकनाऱ्याला कळू नये कुठं लोड लागला नि कुठं भिंत लागली."

मी आजवर वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात मॅच्ड लोडाची इतकी नेमकी व्याख्या नव्हती. माझ्या लोडाचं तोंड तिरक्या उताराने मऊ झालंच होतं, आत किती घट्ट भरायचं तेवढं शोधायचं होतं. त्या दिवशी संध्याकाळी मी वड्यांचा नवा घाणा घातला. मोजून, थोडी थोडी पूड कमी करत, सहा पातळ्यांचा. काकीच्या सहा लोडांना माझ्या सहा वड्या. शिळफाट्याला त्या कप्प्यांत बसवताना चाचांनी प्रत्येकीवर फुंकर मारली आणि काहीतरी पुटपुटले.

निघाले तेव्हा भात कापणीला आला होता. चार लोड भरून झाले होते, दोन राहिले होते आणि लग्न आठवड्यावर होतं. बाबा कर्जत स्टेशनवर सोडायला आले. ठोकळ्यांचा डबा मी मांडीवर घेऊन बसले, खोबऱ्याच्या वड्या असाव्यात तसा.

बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत फार थंडी होती. यंत्र चालवणारी माझ्याच वयाची होती, कमी बोलणारी. पडद्यावर एक रेघ उमटते. जेवढी लाट परत आली तेवढी रेघ वर, जेवढी कमी तेवढी खाली. आधी तिने तोंडाला नुसता धातूचा तुकडा लावला. रेघ वर जाऊन सपाट पसरली, गेलेलं सगळं परत. मग माझा पहिला लोड लावला. रेघ अर्ध्यावर आली. दुसरा, आणखी खाली. चौथा लावला आणि रेघ खाली गेली ती जातच राहिली, पडद्याच्या तळाशी जाऊन पडली. ती मुलगी थांबली. स्क्रू सैल केले, पुन्हा आवळले. तिला वाटलं काहीतरी निसटलंय. परत धातूचा तुकडा, परत रेघ वर. परत चौथा लोड, परत तळाशी. मग मी वडी मुद्दाम काढून थोडी पुढे सरकवून बसवली. रेघ तळाशीच. ती पहिल्यांदा हसली आणि मला इंग्रजीत म्हणाली, आत जातंय कुठे हे सगळं? मी म्हटलं, ऊब होते त्याची. जराशी.

सरांना कळवलं. ते म्हणाले, "प्रकरण लिहायला घे," आणि त्यांच्या आवाजात हसू होतं ते मला स्वच्छ ऐकू आलं. मग घरी फोन लावला. फोन आईने उचलला, पण मागे काकी होती, बाबाही. बाबांनी विचारलं, "काय झालं गं? आलं का काय परत?"

"काही परत आलं नाही, बाबा," मी म्हणाले. "काही म्हणजे काहीच परत आलं नाही." आणि एकदम रडायलाच आलं मला, त्या थंड खोलीत, आनंदाने.

आमच्या घरात कोणाचं काही परत आलं नाही, ही कधी चांगली बातमी नसते. मग आईच्या हातातला फोन काकीने घेतला.

"नाय आलं तर नाय आलं गं, रडतीस काय," ती म्हणाली. "तू तरी ये परत. दोन लोड भरायचे ऱ्हायलेत."

दुसऱ्या दिवशीच्या गाडीने मी निघाले. वाटेत कुठेही न मुरता, पुरीच्या पुरी परत आले.